शेपूट : एका शब्दाचा व्यवहार

मराठीत शेपटाचा अर्थ जनावरागणिक बदलतो. कुत्र्याचे शेपूट लाचारीचे. धन्यापुढे हलवायचे, काठी दिसली की घालायचे. मारुतीचे शेपूट न संपणारे, पण देवाचे म्हणून कौतुकाचे. सापाच्या शेपटीवर पाय पडला तर फणा उभा राहतो. कोणाला कोणते शेपूट लावायचे हे ठरवतो कोण, हा माझा प्रश्न आहे.

पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून स्वतःची पावले पुसत चालावे लागे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवले आहे. व्यवस्थेने माणसाला लावलेले हे शेपूट. आमच्या वाक्प्रचारांत मला त्याचा मागमूस दिसत नाही.

वाङ्मयेतिहासात दलित साहित्याला शेवटचे प्रकरण देऊन मोकळे होणारे समीक्षकही त्याला शेपूटच समजतात. १९७२ साली मुंबईत तरुणांनी पँथर हे नाव घेतले, तेव्हा त्या शब्दाचे जनावरच बदलले. कुत्रा शेपूट हलवतो खुशीत. पँथर हलवतो चवताळल्यावर. मात्र पुढे सत्तेच्या दारात आपल्यापैकी काहींनी हलवले ते शेपूट कोणत्या जनावराचे होते, हेही आपणच विचारले पाहिजे.