आखाडा की तालीम? पटकथेतल्या जागांची नावं

मंडळी, आज आपण सीनच्या माथ्यावरच्या ओळीबद्दल बोलू. आत की बाहेर, जागा कोणती, वेळ काय. प्रेक्षकाला ही ओळ कधीच ऐकू येत नाही, म्हणून लिहिताना आपण तिथं फार डोकं लावत नाही. पण कलादिग्दर्शक आणि कॅमेरामन यांचं काम तिथूनच सुरू होतं.

कोल्हापुरात बसलोय, तर इथलंच घेऊ. समजा, लिहिलं 'आखाडा, सकाळ'. डोळ्यांपुढं येते लाल माती आणि दोन पैलवान. इथं मात्र शब्द तीन आहेत. पैलवान राहतात, मेहनत करतात ती तालीम. आतल्या मातीचा तो हौदा. लोकांसमोर कुस्ती होते ते मैदान, शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबागेसारखं. शिवाय तालीम म्हणजे नुसती कुस्ती नव्हे. पाटाकडील, दिलबहार या तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर भिडतात. 'तालीम' लिहिलं की सगळी पेठ सीनमध्ये येते. 'आखाडा' लिहिलं की फक्त माती.

तीच गोष्ट घराची. शेतकऱ्याच्या घरात 'दिवाणखाना' लिहिला की सेटवर सोफा येतो. मग संवाद कितीही कोल्हापुरी असू देत, सीन उभा राहत नाही. जुन्या घरातला उघडा सोपा धड आत नाही, धड बाहेर नाही. तिथं बसलेल्या म्हाताऱ्याला घरातलं ऐकू येतं आणि रस्त्यावरचं दिसतं. शब्द चुकला तर हा सीन सुचतच नाही.

बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' १९२५ सालचा, मूकपट. बोलके संवाद नाहीतच. शेतकऱ्याची दैना जागेनंच सांगायची होती. म्हणून तर त्यातल्या झोपडीच्या दृश्याची आठवण अजून निघते.

उलटी चूकही आम्ही केलीय. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये आम्ही 'सोपा' लिहिला होता! तिथली माणसं सरळ हॉल म्हणतात. गावरान वाटावा म्हणून घातलेला शब्दही खोटाच.

मग कसोटी काय? पात्राला फोनवर कुणी विचारलं, "कुठं हाईस?" तर ते जे सांगेल, तेच नाव ओळीत. मुंबईतल्या निर्मात्याला कळणार नाही असं वाटलं, तर खाली एका वाक्यात जागेचं वर्णन द्या. शब्द मात्र बदलू नका.