मांजर फराटे मारतं, अर्थ आपण लावतो

'व्हाय कॅट्स पेंट' हे हेदर बुश आणि बर्टन सिल्व्हर या न्यूझीलंडच्या जोडीचं १९९४चं पुस्तक. मांजरं चित्रं काढतात आणि त्यामागे सौंदर्यदृष्टी असते, असा त्याचा दावा. सगळी थट्टा, पण चेहरा शेवटपर्यंत गंभीर. फोटो, तळटीपा, आणि प्रत्येक मांजराला एकेक 'वाद' बहाल केलेला. एक तर चक्क अमूर्त अभिव्यक्तिवादी!

बरेच वाचक हे पुस्तक म्हणजे आधुनिक चित्रकलेची टिंगल समजतात. मला ते पटत नाही. खरा नेम चित्रांबद्दल लिहिणाऱ्यांवर आहे, म्हणजे आपल्यावर. भिंतीवर ओले पंजे उमटले एवढंच आपल्याला दिसतं. पुढच्या वाक्यात त्याचा 'अंतर्गत संघर्ष' होतो. मधली पायरी कुठे गेली? तळटीप असल्यामुळे आपण विचारतच नाही. (विनोद एकसुरी आहे हे मात्र खरं. अर्ध्यानंतर युक्ती ओळखू येते.)

मग प्राण्यांच्या चित्रांवर संशोधन होऊच शकत नाही का? होऊ शकतं. डेस्मंड मॉरिस यांनी १९५०च्या दशकात काँगो नावाच्या चिंपांझीकडून चित्रं काढून घेतली. १९५७मध्ये लंडनला त्यांचं प्रदर्शनही भरलं. तेव्हाही लोक हसलेच. पण मॉरिस यांनी काँगोच्या मनात काय आहे हे सांगत बसण्याऐवजी त्याला कागद दिला, ज्यावर आधीच एका बाजूला आकार काढलेला होता. आता याच्या रेघा कुठे पडतात? दुसऱ्या बाजूला पडल्या, तर तो तोल साधतोय असं म्हणायला काही आधार मिळतो. कुठेही पडल्या, तर नाही. म्हणजे इथे अंदाज चुकण्याची सोय आहे. मांजरांच्या पुस्तकात ती मुद्दामच ठेवलेली नाही. काहीही दिसलं तरी सिद्धान्त खराच ठरतो.

पुस्तक वाचून झाल्यावर मी माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण काढलं आणि चित्रकाराच्या नावाच्या जागी 'आमची मनी' असं घालून वाचलं. 'मनीच्या रेषेतून विस्थापनाची वेदना व्यक्त होते.' छान चाललं की! अशी सात वाक्यं निघाली. पाच खोडली. दोन ठेवलीत, कारण तिथे चित्रकाराची पत्रं हाताशी आहेत. गाइडना प्रकरण लहान का झालं ते अजून सांगितलेलं नाही.