युद्धयंत्रांवरील विनोदचित्रे
युद्धयंत्रांवरील विनोदचित्रे : काल्पनिक व हास्यास्पद लष्करी शोध हा ज्यांचा विषय आहे, अशी युद्धकाळात नियतकालिकांतून प्रसिद्ध झालेली चित्रे. या प्रकाराला ठळक रूप मिळाले, ते विल्यम हीथ रॉबिन्सन (३१ मे १८७२–१३ सप्टेंबर १९४४) या इंग्रज चित्रकारामुळे. पो, शेक्सपिअर, किपलिंग यांच्या ग्रंथांची सजावट करणारा चित्रकार म्हणून तो प्रथम पुढे आला. पहिल्या महायुद्धात द स्केच, द बायस्टँडर इ. नियतकालिकांतून त्याची युद्धविषयक चित्रे येत. सम ‘फ्राइटफुल’ वॉर पिक्चर्स (१९१५), हनलाइकली ! (१९१६) व द सेंटली हन (१९१७) हे त्यांचे संग्रह होत.

रॉबिन्सनच्या यंत्रांत कप्प्या, काठ्या व गाठी मारलेली सुतळी यांचा सुळसुळाट असतो. प्रत्येक भागाचे कार्य डोळ्यांनी शोधून काढता येते आणि यंत्र खरोखरच चालेल, असे वाटते. विसंगती रचनेत नसून हेतूत असते : शत्रूच्या पायाची बोटे चिरडण्यासाठी एक अवजड चिलखती यंत्र राबते. ते चालविणाऱ्यांचे चेहरे मात्र कमालीचे गंभीर असतात. हे गांभीर्य जर्मन व ब्रिटिश या दोन्ही पक्षांना त्याने सारखेच बहाल केले आहे. त्यामुळे ही चित्रे प्रचारार्थ उपयोगी पडली, तरी त्यांचे खरे लक्ष्य शत्रू नसून यंत्रावरील व शिस्तीवरील भाबडा विश्वास हे आहे.

या विनोदाला मर्यादाही आहेत. त्याच्या एका चित्रात जर्मन सैनिक हल्ल्यापूर्वी ब्रिटिश खंदकांवर हास्यवायू सोडतात. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे जर्मनांनी प्रत्यक्षात क्लोरीन वायू सोडला होता. भीतीचे हास्यात रूपांतर करताना चित्रकाराने मृत्यू चौकटीबाहेर ठेवला. यास पलायन म्हणता येईल. परंतु आघाडीवरील सैनिकच त्याला पत्रे पाठवून नव्या कल्पना सुचवीत, हे ध्यानात घेतले म्हणजे हा आक्षेप सौम्य होतो.

दुसऱ्या महायुद्धात वास्तवानेच या कल्पनांशी स्पर्धा केली. कडेला अग्निबाण बसविलेल्या ‘पँजँड्रम’ या प्रचंड स्फोटकवाहू चाकाच्या चाचण्या ब्रिटिशांनी डेव्हनच्या किनाऱ्यावर घेतल्या. ते भलतीकडेच धावू लागल्याने योजना सोडून द्यावी लागली. याउलट, ब्लेचली पार्क येथे १९४३ मध्ये कागदी फिती वेगाने फिरवून जर्मन गुप्तलिपी उकलण्यास साहाय्य करणाऱ्या यंत्रास ‘हीथ रॉबिन्सन’ हेच नाव पडले. ‘कलॉसस’ या संगणकयंत्राचे ते पूर्वरूप होय. थट्टेचे नाव धारण करणारे यंत्र उपयुक्त ठरले आणि गंभीरपणे आखलेले चाक हास्यास्पद, हा योगायोग रॉबिन्सनच्या दृष्टीची यथार्थता पटवितो.

अमेरिकेत रूब गोल्डबर्ग (१८८३–१९७०) याने अशाच कल्पित यंत्रांची चित्रे काढली. मात्र त्याचा भर घटनांच्या साखळीवर व शब्दांतील स्पष्टीकरणावर असतो. मराठीत शि. द. फडणीस यांनी हंस, मोहिनी या मासिकांसाठी काढलेल्या शब्दविरहित चित्रांत युद्ध नाही. तथापि रेखीव मांडणी, निर्विकार चेहरे व अशक्याची सहजता यांबाबत ती रॉबिन्सनच्या चित्रांना जवळची वाटतात. रॉबिन्सनच्या चित्रांतील तोफा कालबाह्य झाल्या. यंत्रावर डोळे मिटून विसंबणारा माणूस मात्र झालेला नाही. या चित्रांचे मूल्य त्यातच आहे.