पाद्री हॉरॉक्स आणि गणिती हॉरॉक्स

जेरेमाया हॉरॉक्स या इंग्रज ज्योतिर्विदाचे नाव निघाले, की रविवारची प्रार्थना आटोपून घाईघाईने दुर्बिणीकडे परतणारा तरुण पाद्री चरित्रकार हमखास उभा करतात. विशेषतः व्हिक्टोरियन लेखकांना हे चित्र फार प्रिय. त्याला आधार मात्र तोकडा आहे. २४ नोव्हेंबर १६३९ रोजी (जुन्या इंग्रजी कालगणनेप्रमाणे) शुक्राचे अधिक्रमण पाहताना अधिक महत्त्वाच्या कामासाठी मध्येच उठावे लागले, एवढेच हॉरॉक्स लिहितो. काम कोणते, ते सांगत नाही. दिवस रविवारचा, म्हणून तो पाद्री ठरला! धर्मदीक्षेसाठी तेव्हा किमान तेविसावे वर्ष लागे. हा जेमतेम एकविशीतला.

ही दंतकथा निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे श्रद्धाळू तरुणाला लाभलेले दर्शन लक्षात राहते आणि त्यामागचे गणित विसरले जाते. केपलरच्या कोष्टकांनुसार त्या वर्षी शुक्र सूर्यबिंबाला थोडक्यात हुकणार होता. हॉरॉक्सने स्वतःच्या निरीक्षणांवरून कोष्टके सुधारली आणि महिनाभर आधी सॅलफर्डच्या विल्यम क्रॅबट्रीला पत्राने कळवले. दुर्बिणीतून कागदावर पाडलेल्या सूर्यप्रतिमेत सव्वातीनला काळा ठिपका दिसला. सूर्यास्ताला अर्धा तास उरला होता. तेवढ्यात त्याने तीन नोंदी घेतल्या.

त्याचा लॅटिन ग्रंथ 'व्हीनस इन सोल व्हिसा' तपासून वाचला, तर गौरवकार टाळतात ती बाजूही दिसते. शुक्राचा व्यास त्याने मोजला. सूर्याचे अंतर मात्र तर्काने काढले. सूर्यावरून सर्व ग्रह सारख्याच आकाराचे, सुमारे २८ विकलांचे दिसत असावेत, हे त्याचे गृहीतक. ते चूक होते. तरीही त्यातून निघालेले सूर्याचे लंबन १४ विकला होते. केपलरने ते सुमारे एक कला, म्हणजे ६० विकला मानले होते. आजचे मूल्य ८.८ विकला. गृहीतक फसले, पण विश्व पूर्वीपेक्षा मोठे झाले. आणि हा भाग अनुमानाचा आहे, हे त्याने लपवलेले नाही. ग्रंथाचे खरे मोल मला इथे वाटते.

पदवी न घेता केंब्रिज सोडलेला हा माणूस ३ जानेवारी १६४१ रोजी वारला. दुसऱ्याच दिवशी तो क्रॅबट्रीला भेटणार होता. ग्रंथ छापला गेला १६६२ मध्ये, तोही इंग्लंडात नव्हे. डान्झिगला, हेवेलियसच्या हातून. झग्याशिवायचा हॉरॉक्स त्यात सापडतो, आणि तो पुरेसा मोठा आहे.