सारसाचा सांगाडा आणि टेरोसॉरचं चित्र

तुम्ही गोंदियाकडचे असाल, तर धानाच्या बांधीत चरणारा सारस पाहिला असेलच. आता समजा, सारस नामशेष झालाय आणि तुमच्या हातात फक्त त्याचा सांगाडा आहे. काढा चित्र. उंची येईल, लांब पाय येतील, चोच येईल. पण डोक्या-मानेवरचा लाल रंग? तो उघड्या कातडीचा. हाडात त्याची खूणही नाही.

जॉन कॉनवे, सी. एम. कोसेमन आणि डॅरेन नॅश यांचं 'ऑल येस्टरडेज' (२०१२) हे पुस्तक नेमकं इथेच बोट ठेवतं. हाडांवर नुसती कातडी ताणलेले डायनासोर त्यांना मान्य नाहीत. पुस्तकाच्या एका भागात आजचेच प्राणी, भविष्यातल्या कुणी फक्त हाडांवरून काढावेत तसे काढलेत. त्यातल्या हंसाला पिसं नाहीत, विळ्यासारखे हात आहेत! आधी हसू येतं, मग आपली जुनी चित्रं आठवतात.

मी हौसेने टेरोसॉर काढते. हे उडणारे सरीसृप, डायनासोरांचे चुलतभाऊ. पंखाचा पडदा लांबलचक चौथ्या बोटावर ताणलेला. आमच्या आमगावचे खडक अब्जावधी वर्षांचे, म्हणजे टेरोसॉरच्या कितीतरी आधीचे. त्यासाठी सिरोंचाकडच्या ज्युरासिक काळातल्या कोटा खडकांकडे जावं लागतं. तिथल्या तुटपुंज्या अवशेषांवरून सोहनलाल जैन यांनी १९७४ मध्ये 'कॅम्पिलोग्नॅथॉइडिस इंडिकस' ही प्रजाती मांडली. एवढ्यावरून प्रजाती ठरते का, अशी शंका पुढे घेतली गेली. मी मात्र त्याचं अख्खं रंगीत पोस्टर केलं आणि विज्ञान प्रदर्शनात लावलं. एका शाळकरी मुलीने विचारलं, "ताई, यातलं सापडलंय किती?" पोस्टरवर उत्तर नव्हतं. शेपटी जर्मनीतल्या नातलगांची होती, रंग माझ्या डब्यातला.

पुस्तकाबद्दल माझी तक्रारही तीच आहे. 'दिसत नाही म्हणजे नव्हतं असं नाही' हे खरं. पण त्याचा अर्थ 'काहीही काढा' असा होत नाही. लेखक चित्राशेजारी आपला तर्क सांगतात, तो वाचनीय आहे. पण चित्र मोबाइलवर एकटंच फिरतं, तर्क मागे राहतो. खात्रीचं किती आणि कल्पना किती, हे चित्रातच दिसायला हवं होतं.

फरक बघा. टेरोसॉरच्या अंगावर मी केसांसारखी लव काढली, तर तिला आधार आहे: कझाकस्तानच्या 'सॉर्डिस'वर ती आढळल्याचं १९७१ मध्येच नोंदवलं गेलं. पंख निळे केले, तर तो निव्वळ अंदाज.

तुम्ही लवकरच संशोधन प्रस्ताव लिहाल. तेव्हा प्रत्येक वाक्याला विचारा: हे सापडलंय, नातलगांवरून काढलंय, की धरून चाललोय? अंदाज बांधायला लाजू नका. तो लपवू मात्र नका.

पोस्टर मी नव्याने केलं. सापडलेलं शाईने, नातलगांवरून घेतलेलं पेन्सिलने, अंदाज फिक्या रंगात. शाई फारच थोडी लागली.