विटेचें वय व भिंतीचें वय

पुराणवस्तूंच्या संग्रहांत शिळेस जो मान मिळतो तो विटेस मिळत नाहीं. भंडारा जिल्ह्यांतील पवनीचेंच उदाहरण घ्यावें. भारवंशीय राजा भगदत्त याचा तेथील शिलालेख कै. वा. वि. मिराशी यांनीं प्रसिद्ध केला. पुढें १९६९-७० सालीं देव व जोशी यांच्या उत्खननांत जगन्नाथ टेकडीवरील स्तूप उघडा झाला व त्याच्या वेदिकेचे ब्राह्मी लेख हातीं आले. लेखांची चर्चा झाली व ती योग्यच होती. विटांच्या कामाविषयीं मात्र आमच्या मंडळींचें बोलणें बहुधा एका वाक्यांत आटोपतें : वीट मोठी, सबब बांधकाम जुनें.

हें अनुमान आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. वीट जुनी असेल. ती जींत बसली आहे ती भिंतही तितकीच जुनी हें कशावरून? पडक्या इमारतीची वीट काढून नव्या घरास लावणें हा आपल्याकडील नित्याचा प्रघात आहे. शिवाय मापाचें कारण नेहमीं काळच असतो असेंही नाहीं. इंग्लंडांत १७८४ सालीं विटांवर नगावारी कर बसतांच वीटवाल्यांनीं वीट मोठी केली, म्हणून १८०३ सालीं मोठ्या विटेवर दुप्पट कर लावावा लागला. १८५० सालीं तो उठला. म्हणजे तेथें मोठी वीट ही अलीकडचीच खूण ठरावयाची! तेथील शेतकऱ्यांचीं जुनीं घरें तर याहून फसवीं आहेत. दर्शनी भिंत तांबड्या विटेची, पण आंत पुष्कळदां तिच्याहून जुना लांकडी सांगाडा निघतो. वीट मागाहून चढविलेली. रुमाल नवा म्हणून आंतील पोथी नवी, असें आपणांपैकीं कोणी म्हणणार नाहीं.

भिंत वाचावयाची ती सांध्यांवरून. इंग्रजी पद्धतींत एका थरांत विटांचीं तोंडें व पुढच्या थरांत लांब बाजू दिसतात. फ्लेमिश पद्धतींत एकाच थरांत दोन्ही आळीपाळीनें येतात. ही दुसरी पद्धति इंग्लंडांत सतराव्या शतकांत रुजली. क्यू येथील १६३१ चा वाडा तिचें आरंभींचें उदाहरण होय. हेतु दोहोंचा एकच : वरखालचे सांधे एका रेषेंत येऊं न देणें. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत दोनशे दोनशे विटांच्या पांच थरांची चिति रचण्याचा विधि आहे. तेथें अशा जुळलेल्या सांध्यास ‘भेद’ ही संज्ञा देऊन तो वर्ज्य सांगितला आहे. ही आयती व नेमकी संज्ञा सोडून आमचे लेखक चार शब्दांचा द्राविडी प्राणायाम कां करतात, हें कळत नाहीं.

संग्राहकानें वीट उचलून घरीं आणली कीं भेद आहे कीं नाहीं हें पाहण्याची सोयच उरत नाहीं. फडताळांत ठेवलेल्या अशा विटा आम्हीं पाहिल्या आहेत. चिठ्ठीवर गांवाचें नांव व ‘प्राचीन’ एवढाच शब्द. पवनीस वैनगंगेच्या कांठीं अशी वीट दृष्टीस पडल्यास तिची लांबी, रुंदी व जाडी, वरचा व खालचा थर, सांधा मातीचा कीं चुन्याचा, हें जागेवरच टिपावें, छायाचित्र घ्यावें, आणि वीट होती तेथेंच राहूं द्यावी.