तरवड म्हणजे नुसती भेसळ?

संशोधनाची तयारी करताय ना? मग ट्रीज आणि इव्हान्सचं ‘फार्माकोग्नॉसी’ हातात येणारच. ट्रीज यांचं हे पुस्तक १९३४ मध्ये निघालं. वनौषधी ओळखायला ते आजही भक्कम आहे.

पण त्यातली सोनामुखीची माहिती बीडमध्ये बसून वाचा. बालाघाटच्या माळांवर पिवळाधमक फुलणारा आपला तरवड तिथे भेटतो, ‘पाल्थे सेन्ना’ या नावाने, सोनामुखीतली भेसळ म्हणून! ओळखायची खूणही दिलीय: क्लोरल हायड्रेटच्या द्रावणात उकळलं की पान लालभडक होतं.

यात चूक काहीच नाही. सोनामुखीचा रेचक गुण सेनोसाइडांचा. तिच्यात तरवडाची पानं मिसळली तर रुग्णच फसतो. अडचण पुढे आहे. ‘भेसळ’ हा व्यापारातला शेरा आहे, वनस्पतीचा गुणधर्म नव्हे. याच तरवडाच्या सालीने कातडी कमावली जाते. आयुर्वेदात मधुमेहासाठी त्याचा वापर सांगितलाय. वापर सांगितला म्हणजे तो सिद्ध झाला, असंही नाही.

म्हणून पुस्तकात ‘भेसळ’ दिसली की विचारा: कशातली? मग स्वतःचा प्रश्न मांडा: फूल, पान की साल? कोणत्या हंगामातली? किती मात्रेत? तुमचा विषय तिथूनच सुरू होतो.